गोल दिसल्याबिगर रोल न्हाय

तात्या सकाळी फोटूचं दुकान उघडलं की आदी उदबत्ती लावायचं न्हाईत, आदी कॅमेऱ्याची पाठ उघडायचं. आत रोल नसायचा. भिंगाचं तोंड पांढऱ्या भितीकडं करायचं, उघड्या पाठीला उजवा डोळा लावायचं आन् खटका दाबायचं. फ्लॅशचा उजेड भितीवर पडायचा आन् तात्या म्हनायचं, "दिसला." काय दिसला, तर गोल. भिंगाच्या आतनं उजेडाचा पुरा गोल डोळ्याला दिसला म्हंजी फ्लॅश आन् शटर एका टायमाला चाललंय. मंग उदबत्ती, मंग रोल. "गोल दिसल्याबिगर रोल न्हाय," असं म्हनायचं. गिऱ्हाईक दारात उभं असलं, एसटीची घाई हाय म्हनालं, तरी आदी ह्ये.

मला ह्ये सगळं दिसायचं कारन आमची खोली त्यांच्या दुकानाच्या मागंच, इंदापुरात, स्टँडवरनं आत येनाऱ्या बोळात. लगीन झाल्यावर आमचं मालक मला तितं घिऊन आलं, त्यांचं काम बारामतीच्या एमआयडीसीत, दुधाच्या फॅक्टरीत, पहाटंच मोटारसायकलवर जायचं ते दिस मावळल्यावर यायचं. मी सातवीपतूर शिकलेली, गावातनं पयल्यांदाच भायेर आलेली, आन् मी भित्री हाय, ह्ये आदीच सांगते. पयल्या दिवशी सकाळी भांडी घासत व्हते तर मागच्या खिडकीतनं लख्कन उजेड आला, मला वाटलं वायर जळाली, मी खरकट्या हातानं बोळात पळाले. तात्या दारात आलं, धोतर, वर पांढरा शर्ट, खिशात एक लहान पक्कड आन् शाळंतला खोडरबर. मला वरनं खाली बघितलं आन् म्हनालं, "पोरी, जळालं काय न्हाय. माझी सकाळ झाली फकस्त."

त्यांच्या बापाची मेंढरं व्हती. तात्या मेंढरामागं गेलं न्हाईत, कॅमेऱ्यामागं गेलं. बारामतीचा एक म्हातारा फोटूवाला व्हता, त्येचं डोळं गेल्यावर त्येनं आपला जर्मन कॅमेरा तात्यांना दिला. घडीचा कॅमेरा, पुढचं झाकान पाडलं की भाता भायेर यायचा, पेटीच्या भात्यासारखा, आन् त्येच्या टोकाला भिंग. शटर त्या भिंगातच बसवल्यालं, पातळ लोखंडी पाकळ्यांचं, मधनं उघडायचं आन् मधेच मिटायचं. भिंगाच्या कडंला एक बारकी दांडी व्हती, एका अंगाला पिवळं एम अक्षर, दुसऱ्या अंगाला लाल एक्स. मला इंग्रजी तेवढंच येतं, अक्षरं. म्हनून मी इचारलं ह्ये काय.

तात्यांनी सांगितलं ते मला अजून पाठ हाय. आदी फ्लॅश नव्हता, बल्ब व्हतं, एका फोटूला एक बल्ब, जळला की टाकून द्यायचा. "बल्ब म्हंजी आमच्या पिढीचा मानूस," तात्या म्हनालं, "हाक मारली की व्हय म्हनतो, धोतर सावरतो, पायतान शोधतो, मंग येतो. म्हनून एमवर ठेवलं की शटर त्येच्यासाठी जरा थांबतं. ह्यो नवा फ्लॅश हाक मारायच्या आत येऊन गेल्याला असतो. त्येला दार उघडंच पायजे. त्येला एक्स." मी म्हनले, आन् दांडी चुकली तर. तात्या म्हनालं, "तर पावना दारावर डोकं आपटून परत जातो. लोकांना वाटतं उजेड पडला, फोटू निघाला. आन् फिल्म कोरी."

जुन्या कॅमेऱ्याला नवा फ्लॅश लावायचा म्हंजी नव्या सुनंला सासरी नांदवायचाच परकार, असं त्यांचं म्हननं. फ्लॅशच्या वायरीचं टोक कॅमेऱ्याच्या बारक्या भोकात कधी घट्ट बसायचं न्हाय, मंग पक्कडीनं त्येला जरासं चेपायचं, भोकाच्या कडा खोडरबरानं घासायच्या, काळं निघायचं. पयल्यांदा कुनीतरी त्यांना एक मोठा फ्लॅश दिला व्हता, त्येचा करंट एवढा जोराचा की कॅमेऱ्याच्या लोखंडातनं हाताला झटका बसायचा. निमगाव केतकीच्या एका लग्नात नवरा-नवरीचा फोटू काढताना तात्या झटक्यानं टुन्कन उडालं, तर नवऱ्याचा मामा म्हनाला, तात्या, पोरगी बघून आमी न्हाय उडालो, तुमी का उडाला. तवा त्यांनी त्यो फ्लॅश परत केला, लहान, कमी करंटाचा आनला, आन् तरी बी कॅमेऱ्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. नव्या फ्लॅशनं कदी झटका दिला न्हाय, पन रबर काढलं न्हाय. एकदा चावल्यालं कुत्रं घरचं झालं तरी हात संबाळूनच घालायचा, म्हनायचं.

समोर एक तरना पोरगा रंगीत स्टुडिओ टाकून बसला व्हता, त्येचा कॅमेरा नवा, काळा, गळ्यात पट्टा. त्यो येताजाता तात्यांना म्हनायचा, तात्या, तुमचा बाजा आता भजनात द्या. तात्या भिंग पुसत बसायचं. एकदा एका मांडवात दोघं बी व्हतं. पोरानं फोटू काढलं, धुऊन आनलं, तर सगळ्या फोटूत अर्धंच वऱ्हाड, उरल्यालं अर्धं काळंकुट्ट, नवरी हाय तर नवरा न्हाय. त्येच्या कॅमेऱ्याचं शटर पडद्यासारखं सरकायचं, त्येनं शटरच्या टायमाचा काटा चुकीच्या आकड्यावर ठेवल्याला, पडदा अर्ध्यावर असतानाच फ्लॅश उडून गेल्याला. तात्यांच्या पाकळ्या कुठल्या बी आकड्यावर पुऱ्या उघडायच्या, त्यांचा एक बी फोटू गेला न्हाय. पोरगा दुकानात येऊन बसला, रडकुंडीला आल्याला. तात्यांनी फोटू हातात घेतलं आन् म्हनालं, "अर्धं वऱ्हाड जेवायला गेलं व्हतं का रं." आन् मंग आपल्या फोटूची एक-एक कापी त्येला दिली, वऱ्हाडाला द्यायला. त्येनं पुन्हा बाजा म्हनलं न्हाय.

तात्या कुनाला हसा म्हनायचं न्हाईत. "हसला की मानूस पावन्यासारखा दिसतो. बसा आपलं घरात बसता तसं." आन् बघत बसायचं. लई वेळ बघायचं. मला पयल्यांदा भ्या वाटायचं त्या बघन्याचं, तोंडात काय शोधतात असं. नंतर कळलं की ते सगळ्यांनाच तसं बघतात, भाजीवालीला बी, कुत्र्याला बी.

आता माझं सांगते, त्याबिगर तात्यांचं पुढं सांगता येत न्हाय. मला पयला मुलगा झाला. सोन्या म्हनायचो. थंडीच्या दिसात मी त्येला अंगाला तेल लावून तात्यांच्या दुकानाच्या पायरीवर उन्हाला टाकायची, तितं सकाळचं ऊन चांगलं यायचं. तात्या एकदा म्हनालं, "दे हिकडं, काढतो एक." मी न्हाय म्हनले. आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हनते, त्यांनी सांगितल्यालं, वरीस भरल्याबिगर लेकराचा फोटू काढायचा न्हाय, आयुष्य कमी व्हतं. मी म्हनले, तात्या, वरीस भरू द्या. तात्या म्हनालं, बरं. सातव्या महिन्यात सोन्याला ताप आला आन् दोन दिसात गेला. तात्या मातीला आलं.

लोकं म्हनतात लेकराचं तोंड आईच्या डोळ्यापुढनं जात न्हाय. खोटं हाय. वरसानं माझ्या डोळ्यापुढनं जायला लागलं. आदी कान गेलं, मंग डोळं. मी झोपताना आठवायला बसायची तर शेजारच्या बाईचं बाळ दिसायचं, न्हायतर पावडरच्या डब्यावरचं. मी कुनाला सांगितलं न्हाय. आईला लेकराचं तोंड आठवंना ह्ये कुनाला सांगनार.

मंग पूजा झाली. ती रडली की व्हट निळं पडायचं. बारामतीच्या डॉक्टरांनी कान लावला, कागद लिहिला, म्हनालं काळजाला भोक हाय, पुण्याला न्या, आपरेशन करावं लागंल. मी इचारलं वाचंल का. ते म्हनालं लेकरं वाचतात, पुष्कळ वाचतात. पुष्कळ म्हंजी सगळी न्हाईत, एवढं मला सातवीपतूर शिकून बी कळलं. मला पयलं आठवलं ते आपरेशन न्हाय, मला आठवलं की हिचा बी फोटू न्हाय. हिला काय झालं तर वरसानं ही बी जाईल, आदी कान, मंग डोळं.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी आत्याबाई निमगावला आठवडी बाजाराला गेल्या, घर तिकडंच त्यांचं, कपडं आन् पीठ आनायचं व्हतं. त्या गेल्या की मी पूजाला उचललं आन् तात्यांच्या दारात. दुकान अजून उघडायचं व्हतं, तात्या कुलूप काढत व्हतं. मी म्हनले, "तात्या, हिचा एक फोटू काढा. कुनाला सांगू नगा."

"कुनाला म्हंजी आत्याबाईला."

"व्हय."

"वरीस भरलं का हिचं?"

"आठवा चाललाय."

तात्या माझ्याकडं बघत ऱ्हायलं. म्हनालं, "मागं तूच नगं म्हनलीवतीस." मी म्हनले, "तात्या, त्येचं तोंड मला दिसंना झालंय." मी ह्ये पयल्यांदा कुनापुढं बोलले. आन् बोलायला लागले ते थांबंना, म्हनले, फोटू काढायचा म्हंजी मी हिला सोडलीच असं नव्हं का, मी आई हून हिच्या मरनाची तयारी करते का, मी कसली आई. तात्या म्हनालं, "फोटू काढून कोन मरत न्हाय आन् जगत बी न्हाय. तसं असतं तर मी देवळात असतो न्हायतर तुरुंगात. बस."

कॅमेऱ्यात आदल्या दिवसाचा रोल व्हता, बारा फोटूचा, त्यातलं धा लग्नात निघाल्यालं, दोन उरल्यालं. रोल आत असला की पाठ उघडता येत न्हाय, सगळा रोल खराब व्हतो. तात्या तसा अर्धा रोल कधी ठेवायचं न्हाईत, पन लग्नातनं उशिरा आल्यालं. मी म्हनले आत्याबाई दुपारच्या गाडीनं येतील. मी घाई केली. तात्यांनी फ्लॅशमधी नवं सेल घातलं, आकडा फिरवला, पूजाला मी मांडीवर उभी धरली, एकदा उजेड पडला, पूजा दचकली, दुसऱ्यांदा पडला, तवा ती टकामका बघत व्हती. तात्या म्हनालं, "झालं. दोन्ही झालं. जा आता, आन् आल्यावर घेऊन जा." मी खोलीत आले, पूजाच्या गालाला तीट लावली, आन् मला कितीतरी दिसांनी भूक लागली.

पुण्यात मोठ्या सरकारी दवाखान्यात वरच्या मजल्यावर खाट मिळाली. रोज तपासन्या, रक्त, फोटू पन काळजाचं. मालक सुट्टी मिळंल तसं यायचं. मी आन् आत्याबाई खाटंखाली चटई टाकून ऱ्हायलो. मी जिन्यात पाय ठेवताना बी भ्यायची, पन मनात एक जागा गार व्हती. इंदापुरात एका डब्यात हिचं तोंड हाय, आता ते कुठं जात न्हाय, असं मी घोकायची.

चवथ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात तात्या उभं. टोपी हातात, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, धोतराला रस्त्याची धूळ. इंदापूरवरनं एसटीनं आलं, दवाखान्यात चार इमारती हिंडत आमचा वॉर्ड शोधला. त्यांना बघितल्याबरुबर मला कळलं की फोटूचं काय झालं असंल, पन शेजारी आत्याबाई बसल्याल्या. मी डोळ्यानं खुनावलं. तात्यांनी ते बघितलं न्हाय असं व्हनार न्हाय, तोंडं बघायचाच त्यांचा धंदा, पन ते थांबलं न्हाईत. खाटंपशी आलं आन् उभ्या-उभ्याच म्हनालं, "सुनंदा, फोटू निघाला न्हाय. चूक माझी."

आन् सगळं सांगितलं. लग्नात नव्या फ्लॅशच्या सेलनी मान टाकली, तवा त्यांनी डब्यात कवाचं पडल्यालं शेवटचं धा बल्ब लावलं, त्येच्यासाठी दांडी एमवर नेली, आन् परत एक्सवर आनायची इसरलं. सकाळी गोल बघितला असता तर दिसलाच नसता आन् तितंच कळलं असतं. लग्नाचं धा फोटू चांगलं आलं, शेवटचं दोन कोरं. फिल्मची पट्टी त्यांनी कागदात गुंडाळून आनली व्हती, खिडकीला धरून दाखवली. काचंसारखी कोरी, फकस्त एका कडंला काळी बारीक रेघ. मी इचारलं ही काय. म्हनालं, "दाराच्या फटीतलं ऊन. तेवढं आलं." मी म्हनले, तात्या, मी घाई केली. म्हनालं, "घाई सगळेच करत्यात. नेम माझा व्हता, मी मोडला. उद्या-परवा हिला आत नेतील, म्हनून आलो."

आत्याबाई म्हनाल्या, "कसला फोटू?"

मी सांगितलं, खाली बघून. आत्याबाईंचं तोंड आधीच रागीट, भुवया जुळल्याल्या. म्हनाल्या, "आन् मला चोरून?"

"मला वाटलं तुमी न्हाय म्हनाल."

"म्हनलेच असते," आत्याबाई म्हनाल्या. लुगड्याचा पदर नीट केला. पूजाकडं बघितलं, ती चटईचा धागा ओढत व्हती. मंग म्हनाल्या, "पयल्याच्या टायमाला मी वरसाची वाट बघत बसले. त्येचं कुठं भरलं वरीस." आन् मला म्हनाल्या, "तुला बी त्येचं तोंड आठवंना व्हय गं?" मी मान हलवली. त्या म्हनाल्या, "मला वाटलं माझंच वय झालं."

मंग तात्यांकडं वळल्या. "काढा. पन एकटीचा नगं. एकटं काढल्यालं लेकरू एकटं पडतं. आमा तिघींचा काढा." तात्या म्हनालं, "बरं झालं. तिघी बसा."

वॉर्डात सिस्टर न्हाय म्हनाल्या, मंग त्यांनी आत्याबाईंचं तोंड बघितलं आन् म्हनाल्या, भायेर गॅलरीत जावा, फ्लॅश एकदाच, पेशंट घाबरतात. तात्यांनी कॅमेरा काढला, पाठ उघडली, गॅलरीच्या भितीकडं तोंड केलं, डोळा लावला आन् खटका दाबला. सिस्टर म्हनाल्या, झाला तुमचा एक. तात्या म्हनालं, "बाई, ह्यो फोटू न्हाय, ह्यी परीक्षा. पास झालो." सिस्टर हसल्या. तात्यांनी रोल भरला, दांडी बघितली, पुन्हा बघितली, वायरीचं टोक पक्कडीनं चेपलं. आमी बाकावर बसलो, मधी पूजा. आत्याबाई आयुष्यात पयल्यांदा फोटूला बसल्या व्हत्या, त्यांनी इचारलं, कुठं बघू. तात्या म्हनालं, "नातीकडं बघा. मी बघतो तुमच्याकडं." उजेड पडला. एकदाच.

जेवा म्हनलं तर न्हाय म्हनालं, गाडी हाय. आत्याबाईंनी भाकरी आन् ठेचा फडक्यात बांधून दिला, तेवढा घेतला. जाताना मी म्हनले, तात्या, ह्यो निघाला असंल का. ते म्हनालं, "धुतल्याबिगर मी काय सांगत न्हाय. धुतला की कळवीन."

दुसऱ्या दिवशी पूजाला आत नेलं. सकाळी नेली ती दुपार झाली तरी भायेर न्हाय. मालक भितीला टेकून उभं, आत्याबाई जपमाळेबिगर बोटं मोजत. मी काय करत व्हते मला म्हाईत न्हाय. मंग डॉक्टर आलं, म्हनालं आपरेशन झालं, आता तीन-चार दिवस बघू. माझा इस्वास बसला न्हाय. झालं म्हंजी काय, उजेड बी पडला व्हता की दोनदा. पूजा काचंच्या खोलीत, नळ्या लावल्याल्या, आमाला लांबनं बघायचं.

तिसऱ्या का चवथ्या दिवशी सिस्टरनी एक पोस्टकार्ड आनून दिलं. पत्ता वॉर्डाच्या नंबरसकट लिहिल्याला, तात्यांचं अक्षर शाळंतल्या मास्तरासारखं. मला वाचायला येळ लागतो, मी बोट ठेवून वाचलं. "फोटो निघाला. तिघींचे डोळे उघडे आहेत. पूजाची मूठ जराशी हलली आहे, ते राहू द्या. वाळवून ठेवला आहे. घाई नाही." खाली सही. आत्याबाई म्हनाल्या, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. त्या म्हनाल्या, घाई न्हाय कुठं लिहिलंय, ते दाव. मी बोट ठेवून दावलं, त्यांना वाचता येत न्हाय, पन त्यांनी ती जागा बघून ठेवली. मंग दिसातनं दोनदा ते कार्ड काढून बघायच्या, सुलटं धरून.

आमी वीस-बावीस दिसांनी परत आलो. तिघी. तात्यांनी पाकिटातनं फोटू काढला आन् मला द्यायच्या आदी पूजाशेजारी धरला, फोटूकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. म्हनालं, "नाक जरा बारीक आलंय." मी म्हनले, चालंल. कॅमेऱ्याची दांडी त्यांनी एक्सवर ठेवून लाखेचा टिपका देऊन चिटकवून टाकल्याली. बल्ब संपलंच व्हतं, आता एमचं काय काम, म्हनालं.

त्यापुढं दोन वरसं तात्या हितं व्हतं. पूजा चालायला लागली, त्यांच्या दुकानात जाऊन वायरी ओढायची. मंग रंगीत फोटूमुळं त्यांच्याकडं गिऱ्हाईक येईना, नजर बी कमी झाली, सोलापूरची लेक म्हनाली हिकडं या. त्यांनी दुकान आवरायला घेतलं. सामान थोडंच व्हतं, दोन ट्रंका. जायच्या दिवशी सकाळी ते पायरीवर बसून दोरीची गाठ मारत व्हतं, जीप यायची व्हती. मी पूजाला कडेवर घेऊन गेले आन् मला एकदम सुचलं, ह्या मानसानं तर सोन्याला रोज बघितल्यालं. सात महिनं. मला इतक्या वरसात ह्ये डोक्यातच आलं नव्हतं.

मी म्हनले, "तात्या, माझा सोन्या तुमाला आठवतो का?"

"आठवतो की. हितंच टाकायचीस न्हवं उन्हाला."

"कसा व्हता?"

त्यांनी दोरी खाली ठेवली. म्हनालं, "माझ्या बापाला तीनशे मेंढरांची तोंडं वळखू यायची. काळ्या मेंढरातनं काळंच दुसरं वळखायचा. मला मानसांची येतात, दुसरं काय न्हाय येत." आन् मंग सांगायला लागलं, सावकाश, फोटूला बसवताना बघायचं तसं समोर बघून. कपाळ रुंद व्हतं त्येचं, आत्याबाईसारखं, मधी बारीक लव. भुवया लांब, डावी जराशी तुटक, शेपटीपशी. कान म्हनालं बापाचं, वरनं टोकदार, उजवा डोक्याला चिटकल्याला आन् डावा जरा भायेर. मी डोळं मिटलं. नाक बसकं, पन नाकपुड्या बारीक, सर्दी झाल्यासारखं आवाज करायचा झोपेत, व्हय ना, म्हनालं. मी म्हनले, व्हय. ते मी इसरले व्हते. आन् मला दिसायला लागला, अंधारात, वरनं खाली, कपाळ, भुवया, कान, नाक, जसंजसं ते म्हनत व्हतं तसातसा. तात्या म्हनालं, "आन् व्हट."

मी म्हनले, "थांबा."

"का गं?"

मी भ्याले. व्हट आलं, मंग डोळं आलं की तोंड पुरं व्हईल, आन् पुरं झालं की त्यो माझ्याकडं बघंल, आन् मी काय करनार. म्हनले, "आज एवढंच, तात्या. बाकीचं पुन्हा सांगा." तात्या माझ्याकडं बघत ऱ्हायलं आन् म्हनालं, "बरं. पुन्हा आलो की सांगतो." जीप आली. मालकांनी ट्रंका वर टाकल्या. पूजानं हात हलवला.

तात्या सोलापुरातच वारलं, पुढच्याच हिवाळ्यात. लेकीचं पत्र आलं, मी बोट ठेवून वाचलं. मी त्याआदीच जायला पायजे व्हतं, तीन तासाचा रस्ता, पन पूजाची बालवाडी, मालकांची फॅक्टरीतली पाळी, आन् मला एकटीला एसटीत बसायचं भ्या वाटतं. आता सांगनारं कोन न्हाय. कपाळ, भुवया, कान, नाक. एवढं हाय माझ्यापशी.